तालुक्याचं गाव पाण्यात



पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघालात की मंचर लागतं. तिथून डावीकडं वळलं की घोडेगाव, आणि त्याच्या पुढं भीमाशंकरच्या वाटेवर डिंभे. घोड नदीवरचं हे धरण साडेतेरा टीएमसीचं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवे झालेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तालुका आंबेगाव. पण तालुक्याची कचेरी घोडेगावला आणि मोठा बाजार मंचरला. मग आंबेगाव कुठाय, असं नवखा माणूस हमखास विचारतो.

आंबेगाव या पाण्याखाली आहे.

उन्हाळ्यात साठा फार खाली गेला की जुनं गावठाण उघडं पडतं. घरांची जोती दिसतात, जैन मंदिराचे दगड दिसतात. एका मे महिन्यात मी तिथं गेलो होतो. भेगाळलेल्या गाळातून एक आजी नातवाला घेऊन चालल्या होत्या. एका जोत्यापाशी थांबून म्हणाल्या, "हा आपला उंबरा. हितनं चार घरं सोडली का देऊळ." नातू मोबाईलवर फोटो काढत होता. त्या फोटोपलीकडं या उंबऱ्याची नोंद कुणी करणार होतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आपल्याकडं जुनी वास्तू राखायची तर ती आधी यादीत यावी लागते. मुंबईनं १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली केली. वास्तूंना श्रेणी दिल्या, पहिली, दुसरी, तिसरी. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला सहसा हात लावायचा नाही, तिसरीत थोडी मोकळीक. काही मालकांना जादा बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायची सोयही मिळाली. भांडणं झाली, अजून होतात. पण भांडायला निदान एक यादी तरी असते.

खेड्याला अशी समिती नाही. तिथं मुख्यतः दोन दारं. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि राज्याचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षांची हवी आणि राष्ट्रीय महत्त्वाची ठरायला हवी. सरकार राजपत्रात इरादा जाहीर करतं, नोटीस त्या वास्तूजवळ लावतं, हरकतींसाठी दोन महिने देतं आणि मग घोषणा होते. एकदा घोषणा झाली की भोवतीच्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते.

शेजारच्या जुन्नरला या कायद्याचा चांगला उपयोग झालाय. शिवनेरी संरक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातही शिवनेरी आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे सातव्या क्रमांकाचं बौद्ध लेणं. तिथं दर्शनाला जाणाऱ्यालाही पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. भाविक कुरकुरतात, पण लेणं जागेवर आहे.

आंबेगावकडं काय होतं? किल्ला नव्हता. नाणेघाटासारखा सातवाहनांचा शिलालेख नव्हता. होती ती घरं, देवळं, बाजाराची जागा, पाणवठा. कुठल्याही गावाला असतात तशी. राष्ट्रीय महत्त्वाच्या फुटपट्टीनं मोजलं तर भरायची नाहीत.

धरणाआधी काहीच करता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. आंध्रात नागार्जुनसागराचं पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात, नागार्जुनकोंड्याचं खोरं उकरून अभ्यासलं गेलं. निवडक अवशेष हलवून टेकडीवर पुन्हा उभे केले. ती टेकडी आज जलाशयातलं बेट आहे. तिथं बुद्धाच्या परंपरेचं मोठं स्थान होतं, म्हणून एवढा खटाटोप झाला, हे खरं. साध्या गावासाठी एवढं मागणं जास्त होईल. पण घरांची मापं, गल्ल्यांचा नकाशा, देवळांची छायाचित्रं, एवढं तर मागता येतं! पुनर्वसनाच्या कागदात माणसांची, जमिनीची, झाडांची मोजदाद होते. घराची किंमतही लावतात. त्या घराच्या तुळईवर कुणाचं नाव कोरलं होतं, हे त्या कागदात कुठं लिहायचं?

एक सोपी वाट दिसते. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी झाडं, वनस्पती, बियाणं यांची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तशीच वही वास्तूंची करावी, ग्रामसभेनंच. त्यात शंभर वर्षांची अट नको. गावाला जे जपावंसं वाटतं ते लिहावं, मग तो वाडा असो, बारव असो की पार. त्यानं कायद्याचं संरक्षण मिळणार नाही, हे मला कळतं. पण उद्या रस्ता रुंद होताना किंवा नवं धरण होताना दाखवायला हाती काहीतरी असेल.

आंबेगावची वही आता करायची तर घाई हवी. गल्ली कुठून वळत होती हे सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत, आणि पाणी काही दर उन्हाळ्याला तेवढं खाली जात नाही. त्या आजींना मी म्हटलं, पुढच्या वेळी मोजायला टेप घेऊन येतो. त्या हसल्या. म्हणाल्या, "टेप कशाला? माझी पावलं हायेत की. देवळापातूर बावीस."

मी वहीत बावीस लिहून घेतलं.