मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याशी पहिली ओळख



आमचा धंदा कामगार संघटनेचा. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने आणि गेटवरच्या माणसांनी केले. अशा माणसाला छायाचित्रणावर बोलावयास सांगावे याचे आपल्याला नवल वाटेल. आम्हांलाही वाटले. पण पन्नाशी उलटल्यावर आम्ही मोठ्या फिल्मचा कॅमेरा हाती धरला आणि पहिल्याच वर्षी असा मार खाल्ला की, त्याची हकीगत नवशिक्याच्या उपयोगी पडावी.

या नादाला आम्ही लागलो ते लुईस हाइन या अमेरिकन गृहस्थामुळे. हा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर. १९०८ पासून तो राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने हिंडला. मालक आत सोडीनात, तेव्हा कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा होऊन तो शिरे. पोरांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवर मोजी आणि खिशातल्या खिशात टिपून घेई. गिरणीत तो सोंग घेऊन गेला खरा, पण एवढी अवजड पेटी पोरांपासून लपविणे शक्यच नव्हते. म्हणून त्याच्या किती तरी चित्रांतली मुले सरळ आपल्याकडे पाहतात. बालमजुरीला देशभर बांध घालणारा टिकाऊ कायदा तिकडे १९३८ साली झाला. तो एका कॅमेऱ्याने केला असे कोणी म्हणू नये. पण ‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांपुढे ठेवावयास तो पुरावा होता.

यंत्र तसे साधे आहे. पुढे भिंग, मागे घासलेली काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता. डोक्यावर काळे कापड घेऊन काचेवर पाहावे, तो समोरचा माणूस उलटा दिसतो. डोके खाली, पाय वर, डावे ते उजवीकडे! आठ-पंधरा दिवसांत डोळा सरावतो. फिल्म रिळाची नाही, सुट्या पानांची असते. सुरुवातीला चार बाय पाच इंचांचे पान आणि दीडशे मिलिमीटरचे एकच भिंग पुरे. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या तेरा पटींहून अधिक जागा या पानावर मिळते. म्हणूनच पन्नास माणसांच्या चित्रात मागल्या रांगेतल्याचाही चेहरा ओळखू येतो. होल्डरमध्ये पाने दोन, पाठीला पाठ लावून. ती पूर्ण अंधारात भरावयाची. पानाच्या कडेला खाचा असतात. पान उभे धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की मसाल्याची बाजू आपल्याकडे आहे असे समजावे. खराब झालेले एक पान घेऊन ही सवय आधी उजेडात करावी.

आता आमची फजिती. आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. शेवटच्या पाळीला एकेचाळीस माणसे गेटबाहेर रांगेत उभी केली. काचेवर पाहण्यासाठी शटर उघडे ठेवावे लागते, ते ठेवले. प्रतिमा स्वच्छ केली, छिद्र बावीसपर्यंत लहान केले, होल्डर बसविला आणि त्याची सरकपट्टी ओढली. शटर उघडेच! घरी धुतल्यावर पान काळेकुट्ट निघाले. दुसरे पान तसेच होते, पण तोवर गेटला कुलूप पडले होते आणि माणसे आपापल्या वाटेने गेली होती. त्यांतले दोघे आज हयात नाहीत.

यंत्राला हात घालण्यापूर्वी ‘वीज बंद का?’ असे कामगार मोठ्याने विचारतो. बोट तुटू नये म्हणून तो नियम आहे. तोच आम्ही कॅमेऱ्याला लावला. आधी पाहणे, मग शटर बंद, मग वेळ आणि छिद्र, मग शटरला चावी, मग होल्डर, मग सरकपट्टी, मग टिपणे. आणि पट्टी परत घालताना काळी बाजू बाहेर, म्हणजे ते पान वापरले गेले. प्रत्येक पायरी तोंडाने म्हणावयाची. माणसे हसतात, हसू द्यावीत.

फिल्म महाग आहे, म्हणून शिकण्यापुरता फोटो छापण्याचा कागद कापून होल्डरमध्ये घालावा. तो तांबड्या दिव्याखाली धुता येतो आणि चूक डोळ्यांदेखत दिसते. मात्र त्याचा वेग जेमतेम सहा. चारशेच्या फिल्मला साठांश सेकंद लागेल, तिथे कागदाला सुमारे एक सेकंद. शिवाय तांबडा रंग त्याला जवळजवळ दिसत नाही. लाल फेटा काळा उतरतो.

ती चूक आम्ही सभा बोलावून कामगारांना सांगितली. संघटनेच्या माणसाने हिशेब लपवू नये, मग तो पैशाचा असो की फिल्मचा. गेल्या दिवाळीत त्याच कुलूपबंद गेटपुढे पुन्हा या, अशी विनंती केली. सव्वीस जण आले. आम्ही होल्डर बसवून पट्टीला हात घातला, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, “दादा, शटर बंद केलं का?”

केले होते. ते चित्र आता युनियनच्या कचेरीत लावले आहे. त्यात एकूण एक माणूस हसतो आहे.