नाराचा महाबुद्ध

जपानमधील नारा हे नगर इसवी सन ७१० ते ७८४ या काळात, मधली काही वर्षे वगळता, त्या देशाची राजधानी होते. राजवैभव जाऊन बारा शतके लोटली; परंतु तेथील तोदाईजी मंदिरात वैरोचन बुद्धाच्या दर्शनासाठी यात्रिकांची रीघ अद्याप लागलेली असते. वाटेवर हरणे निर्भयपणे माणसांच्या अंगाला अंग घासून जातात. ती शेजारच्या कासुगा देवस्थानाची पवित्र हरणे होत. पण भारतीय प्रवाशाला सारनाथच्या मृगवनाचे स्मरण झाल्यावाचून कसे राहील?

मंदिराचा लाकडी प्रासाद ५७ मीटर रुंद आहे. आत अंधुक प्रकाशात पद्मासनस्थ काशाची मूर्ती दिसते. तिची उंची सुमारे १५ मीटर. उजवा हात अभय देणारा, डावा वर देणारा. मागील बाजूच्या एका खांबाला आरपार भोक आहे. ते मूर्तीच्या नाकपुडीएवढे असल्याचे सांगतात आणि मुले त्यातून हसत-खिदळत बाहेर पडतात. एवढ्या भव्यतेपुढे मन दबून जाईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ते निवांत झाले.

ही मूर्ती दुःखातून जन्मली. इसवी सन ७३५ ते ७३७ मध्ये देवीच्या साथीने जपानात हाहाकार उडाला. ७४० मध्ये बंडाळी झाली. अशा काळात, ७४३ मध्ये, सम्राट शोमू यांनी मूर्ती घडवण्याची आज्ञा काढली. राज्याची संपत्ती आणि सत्ता आपल्या हाती असल्याने मूर्ती उभी करणे सोपे आहे, पण तीत भाव उतरणे अवघड आहे, असा तिचा आशय होता. म्हणून गवताची काडी वा मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही सहभागी करून घ्यावे आणि या निमित्ताने अधिकाऱ्यांनी प्रजेला छळू नये, असे तीत बजावले होते. ग्योकी नावाचा लोकप्रिय भिक्षू गावोगाव फिरून साहाय्य मिळवू लागला.

सरकारी कामकाजात वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही आज्ञा विशेष वाटते. पण आज्ञा आणि अंमलबजावणी यांत अंतर पडतेच. ७५७ मध्ये एका कटाच्या चौकशीत पकडलेल्या सरदाराने, या मंदिराच्या बांधकामाने प्रजा गांजली, असे गाऱ्हाणे मांडले होते. मूर्तीपुढे हात जोडताना त्या अनामिकांच्या घामाचेही स्मरण ठेवले पाहिजे.

७५२ मध्ये नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान मिळाला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूला! तो ७३६ मध्ये चीनमार्गे जपानला पोहोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हाती धरले होते. डोळे एकाने रेखले, पुण्य मात्र सर्वांना लाभले. तो कुंचला आणि तो दोर शोसोइन या प्राचीन भांडारात आजही जतन केलेला आहे.

पुढे मूर्तीने पुष्कळ सोसले. ८५५ मध्ये तिचे मस्तक गळून पडले. ११८० मध्ये युद्धात मंदिर जळाले. तेव्हा चोगेन या साठी गाठलेल्या भिक्षूने जीर्णोद्धाराचा भार उचलला. ११८५ मध्ये पुन्हा नेत्रोन्मीलन झाले, तेही बोधिसेनाच्याच कुंचल्याने. १५६७ मध्ये पुन्हा आग लागली आणि मूर्ती दीर्घकाळ उघड्यावर राहिली. अखेर कोकेई या भिक्षूने गावोगाव फिरून वर्गणी जमवली. १६९२ मध्ये मूर्ती दुरुस्त होऊन नेत्रोन्मीलन झाले आणि १७०९ मध्ये आजचे मंदिर पुरे झाले. ते मूळच्या मंदिराहून अरुंद आहे.

तेव्हा आज दिसणाऱ्या बुद्धाचे मस्तक एका शतकातले, तर आसनाच्या कमळाच्या काही पाकळ्या त्याच्या किती तरी आधीच्या. जाणकारांना हे सांधे दिसतात, भाविकांना ते खुपत नाहीत. सम्राटाच्या सत्तेने मूर्ती एकदा उभी राहिली; ती टिकली मात्र पुनःपुन्हा झोळी घेऊन निघणाऱ्यांमुळे आणि त्या झोळीत आपल्या ऐपतीप्रमाणे काही टाकणाऱ्यांमुळे. आपल्याकडेही लहानमोठी मंदिरे, तलाव, ग्रंथालये जीर्ण होत आहेत. त्यांच्यासाठी कोणी दाराशी आला, तर गवताच्या काडीचे मोल त्या सम्राटाने ओळखले होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.