जकातीची चौकी आणि मोकळी वाट

सातारा-सांगलीकडील वडील मंडळींस जकात म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. पेशवाईंत माल दूरच्या पेठेस नेतांना वाटेंत ठिकठिकाणीं जकात भरावी लागे, आणि तिची वसुली बहुधा मक्त्यानें दिलेली असे. व्यापाऱ्यांस हा त्रास इतका, कीं त्यांतून हुंडेकरी नांवाचा एक वर्गच निघाला. ठरीव रक्कम घेऊन माल सर्व चौक्यांतून पार करून देण्याचें काम तो पत्करी. एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ च्या अहवालांत त्याची नोंद केली आहे. या हुंडेकऱ्याचें मला कौतुक वाटतें. परंतु त्याच्या हुशारीनें धान्याचा एक दाणाही वाढत नव्हता, आणि त्याची मजुरी अखेर खाणाऱ्याच्याच माथीं बसे.

जकातीनें सरकारांत जमा होणारा पैसा निदान कोठें तरी खर्चीं पडतो. खरें नुकसान होतें तें जो माल जागचा हालतच नाहीं त्याचें. आमच्या जावळींत पाऊस उदंड, तेथें भात. माणदेशांत पाऊस तुटपुंजा, तेथें ज्वारी-बाजरी. समजा, दोन ठिकाणच्या भावांत पोत्यामागें शंभर रुपयांचें अंतर आहे व वाहतुकीस साठ लागतात. उरलेले चाळीस घेणाऱ्यानें व विकणाऱ्यानें वांटून घ्यावयाचे. मध्यें पन्नास रुपयांची जकात बसली कीं पोतें घरींच राहिलें! सरकारास छदामही मिळाला नाहीं आणि दोघांचे चाळीस बुडाले.

जर्मन संस्थानांनीं हें ओळखून १८३४ मध्यें जकात-संघ स्थापिला: आपसांत नाके नाहींत, बाहेरच्या मालास सर्वांचा दर एक. जर्मन साम्राज्य त्यानंतर १८७१ मध्यें झालें. आमच्याकडे क्रम उलटा. औंध, सांगली, मिरज, फलटण, जत हीं संस्थानें ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९५० मध्यें राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानें देशांतील व्यापार मोकळा ठरविला. तरी शहरांचे जकातनाके उरलेच. मुंबईची जकात उठली ती १ जुलै २०१७ रोजीं, वस्तु व सेवा कर आला तेव्हां.

आतां नाका उठला कीं नगराच्या हातचें उत्पन्न जातें आणि भरपाईसाठीं त्यास सरकारच्या तोंडाकडे पाहावें लागतें, हा आक्षेप मला रास्त वाटतो. दुसरा आक्षेप व्हायनर या अर्थशास्त्रज्ञानें १९५० मध्यें मांडला. संघाबाहेरचा स्वस्त माल जकातीनें महाग होतो आणि लोक संघांतलाच मुळांत महाग असलेला माल घेऊं लागतात. तेव्हां जकात-संघ म्हणजे खुला व्यापार, असें समजूं नये.

मालाविषयीं इतकें पुरे. माणसांच्या वाटेवर मात्र मुंबईच्या वेशीला आम्हांस नाका लागला नाहीं. जावळी-पाटणकडील माणसें गिरण्यांत, गोदींत, माथाडी कामांत गेलीं, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर मेढ्याच्या आसपासचीं कितीक घरें शाकारलीं गेलीं. आज परप्रांतींच्या मजुरास अडवावें असें आमच्याच बाजूचे लोक बोलतात, तेव्हां त्या मनिऑर्डरींचा त्यांस विसर पडलेला दिसतो. त्यांचें भय अगदींच पोकळ नव्हे. एका कामास दहा हात आले कीं मजुरी उतरते. परंतु माथाडींची मजुरी सांवरली ती १९६९ च्या कायद्यानें, मंडळें नेमून आणि मालक व कामगार दोघांचीही नोंदणी करून. मुंबईचा रस्ता त्यासाठीं कोणी बंद केला नाहीं.