मुक्या सोबत्याचा निरोप

घरांत वाढलेलें कुत्रें म्हातारें होतें, दुखण्यानें खंगतें, आणि एके दिवशीं पशुवैद्य सांगतो कीं, आतां उपाय उरला नाहीं. त्याला वेदनांतून सोडवावें हें बरें. रत्नागिरीसारख्या गांवीं हा प्रसंग विशेष कठीण होतो. येथें कुत्रें केवळ हौसेचें नसतें. आंब्याच्या बागेंत वानरांवर धांवून जाणारें, रात्रीं पडवींत निजणारें, मुलांमागून समुद्रावर जाणारें तें घरचेंच एक माणूस असतें. ज्यानें बारा वर्षें राखण केली, त्याच्या मरणास आपल्या तोंडानें होकार कसा द्यावा, या विचारानें कर्त्या माणसाची झोंप उडते.

हा प्रश्न एकदां साऱ्या देशापुढें उभा राहिला होता. सन १९२८ मध्यें साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं जायबंदी होऊन पडलें. इलाज झाले, शुश्रूषा झाली. पण डॉक्टरानें आशा सोडली. कूस बदलतांनाही त्या जनावरास असह्य वेदना होत. गांधीजींनीं आश्रमांतील मंडळींशीं विचारविनिमय केला. जो जीव आपण देऊं शकत नाहीं तो घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असा एकाचा आक्षेप होता. अखेर गांधीजींच्या समक्ष डॉक्टरानें औषध टोचलें व दोन मिनिटांच्या आंत सर्व संपलें. अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेंच वासराचा जीव घेतला, म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून त्यांनीं उत्तर दिलें. त्याचा आशय असा: क्रोधानें किंवा स्वार्थानें जीव घेणें ही हिंसा, परंतु दुसरा मार्ग न उरल्यामुळें, केवळ त्या जिवाच्याच हितासाठीं त्याच्या यातना संपविणें ही हिंसा नव्हे. त्यांनीं चार अटीही घातल्या. रोग असाध्य असावा. जवळच्या सर्वांनीं आशा सोडलेली असावी. कोणत्याही सेवेनें आराम पडणें अशक्य असावें. आणि रोग्यास आपली इच्छा सांगतां येत नसावी.

या अटी आजही कोणत्याही घरास उपयोगी पडतील. ‘त्याच्याच हितासाठीं’ हे शब्द त्यांत महत्त्वाचे. शुश्रूषेचा कंटाळा आला म्हणून घाई करणें जसें अयोग्य, तसेंच आपल्याला विरह सोसवत नाहीं म्हणून त्याला तळमळत ठेवणें हेंही अयोग्य. दोन्हींकडे स्वार्थच बोलतो. अमेरिकेंतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनीं सन २००४ मध्यें यासाठीं एक मोजमाप सुचविलें. वेदना व श्वास, खाणें, पाणी पिणें, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत, अशा सात बाबींना प्रत्येकीं दहांपैकीं गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसांच्या वर असेल तर शुश्रूषा चालूं ठेवण्यास जागा आहे. घरांतील प्रत्येकानें वेगवेगळे गुण मांडले, तर मायेनें झांकलेली गोष्टही कागदावर स्पष्ट दिसते. ज्यांचें मन या मार्गास धजत नाहीं, त्यांनीं नैसर्गिक मृत्यूची वाट पाहण्यांत कमीपणा नाहीं. मात्र वेदना शमविण्याचें औषध पशुवैद्याकडून वेळेवर मिळालें पाहिजे.

निर्णय ठरल्यावर पुढील क्रिया अल्पकाळाची असते. बहुधा प्रथम गुंगीचें औषध देतात, नंतर शिरेंतून पेंटोबार्बिटल देतात. जनावर कांहीं क्षणांतच बेशुद्ध होतें, मग श्वास व हृदय थांबतें. डोळे उघडे राहतात, क्वचित् एखादा स्नायू हलतो. तें वेदनेचें चिन्ह नव्हे. ओळखीचा हात अंगावर असला तर भीति कमी होते. म्हातारें जनावर बाजारांत किंवा बंदरावर सोडून देणें हा मात्र सुटकेचा मार्ग नव्हे. उपासमारीच्या तोंडीं प्राणी टाकून देणें हा सन १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें अपराध आहे, आणि क्रूर रीतीनें मारणें हाही.

मुलांना खरें सांगावें. ‘त्याला झोंपविलें’ असें म्हटल्यास लहान मूल स्वतःच्या झोंपेलाही भिऊं लागतें. ‘तो फार आजारी होता, बरा होणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनीं औषध देऊन त्याचें मरण सोपें केलें,’ इतकें पुरे. परसांत पुरावयाचें असेल, तर खड्डा विहिरीपासून दूर व चांगला खोल असावा. औषधाचा अंश देहांत राहतो; कोल्ह्यानें किंवा भटक्या कुत्र्यानें उकरून खाल्ल्यास तेही विषबाधेनें मरूं शकतात.

यानंतरही मनाला टोंचणी राहते. आठ दिवस आधीं कीं आठ दिवस नंतर, हा हिशेब कोणालाच सुटत नाहीं. परंतु जनावर उद्यांची आशा धरून यातना सोसत नाहीं. त्याच्यापुढें असतो तो आजचा दिवस. तो दिवस केवळ वेदनेनेंच भरला असेल, तर तो संपविण्याचें दुःख धन्यानें आपल्या अंगावर घ्यावें. इमानाची ती शेवटची परतफेड होय.