प्रोटॉनांचा झोत आणि चित्राची दृष्टि

प्रवरेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. पाणी वरच्या शेतांत अधिक मुरतें आणि शेवटच्या शेतास थोडें उरतें. कर्करोगावर सोडलेल्या क्ष-किरणांची रीत कांहींशी अशीच आहे. वाटेंतील निरोगी भागांत ते पुष्कळ शक्ति टाकतात आणि उरलेली घेऊन गांठीपलीकडेहि जातात.

प्रोटॉनांची रीत उलट आहे. ते वाटेंत थोडी शक्ति खर्च करतात, शेवटीं बरीचशी एकदम टाकतात आणि तेथेंच थांबतात. या गुणाचा रोगोपचारांत उपयोग करावा, असें रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञानें १९४६ सालीं सुचविलें. आपल्या प्रांतांत टाटा मेमोरियल केंद्रानें खारघर येथें २०२३ सालीं हा उपचार सुरू केला.

परंतु हाच गुण धोक्याचाहि आहे. सुमारें २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचा प्रोटॉन पाण्यांत ३३ सेंटिमीटरांच्या आसपास जातो. हाडांत त्याहून कमी, हवेंत कितीतरी दूर. नाकाजवळील पोकळी पहिल्या तपासणीच्या दिवशीं कफानें भरलेली असली आणि पुढें मोकळी झाली, तर तोच झोत मेंदूच्या दिशेनें अधिक खोल जाईल. रोगी वाळला, तरीहि असेंच घडतें.

म्हणून या झोतास चित्राची दृष्टि द्यावी लागते. आरंभीं सी. टी. चित्रावरून शरीरांतील घनता मोजून झोताची खोली ठरवितात. पुढें रोज रोग्यास मेजावर निजवून नवें क्ष-किरण चित्र घेतात, हाडांच्या खुणा मूळ चित्राशीं ताडून पाहतात आणि मेज मिलिमीटरांच्या हिशेबानें सरकवितात. मधून मधून सी. टी. पुन्हा काढतात, फरक मोठा दिसल्यास सारी आंखणीच बदलतात.

संगमनेर-पाथर्डीहून गेलेल्या नातलगांस वाटतें, झोत तर कांहीं मिनिटांचा, मग इतका खोळंबा कशासाठीं? तो खोळंबा नव्हे. तो उपचाराचाच भाग होय. सर्दी झाली, वजन घटलें अथवा चेहऱ्यावरील मुखवटा सैल झाला, तर रोग्यानें तें संकोच न करतां सांगावें.

आणखी एक विनंति. प्रोटॉन सर्वांसाठीं नाहींत. लहान मुलें, कवटीचा तळ, पाठीचा कणा अशा ठिकाणीं त्यांचा विशेष लाभ होतो. इतर बहुतेकांस क्ष-किरणांचा नेहमींचा उपचार योग्य असतो. डॉक्टरांनीं तो सांगितला असतां दूरच्या यंत्राची वाट पाहत दिवस दवडूं नयेत. कारण रोग थांबून राहत नाहीं.