जातं फिरलं की भाऊ येतो

आज आम्ही कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल बोलणार आहोत. थांबा, रेडिओ बंद करू नका! गेमपायी आमच्याही घरी रोज कटकट होते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यातल्या एकीच्या लेकीनं आम्हाला बळंच शेजारी बसवलं, आणि आम्ही नांदेड-लातूरच्या पाच-सहा बाया तासभर जागच्या हललो नाही.

गेमचं नाव 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं तो केला, २०२० साली आला. राजी ही कसरती करणारी पोर. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. मारामारी भरपूर आहे, ती आम्हाला काही रुचली नाही. पण मध्येच चित्राच्या गोल चकत्या येतात. त्या फिरवून जुळवल्या की बहीण-भावाची जुनी आठवण उमटते. पहिल्यांदा ते नुसतं कोडं वाटतं. पुढं भाऊ काही सापडत नाही, आणि चकती आली की जीव गलबलतो.

"अगं, हे तर जातंच की!" आमच्यातली एक म्हणाली.

खरंच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यात भाऊ किती वेळा येतो! न्यायला येणारा, चोळी घेणारा. ओवी तीच असते. नवी नवरी गाते तेव्हा ती लाडाची, अन् माहेर तुटलेली म्हातारी गाते तेव्हा ऐकवत नाही. अर्थ कुणी समजावून सांगत नाही, मधल्या काळात जे घडलं ते ऐकणारीला ठाऊक असतं.

मग त्या लेकीनं स्वतःचा छोटा गेम करायला घेतला, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपावर. तिनं पडणारी घरं काढली, धूळ काढली. आमच्यातल्या एक मावशी किल्लारीजवळच्या गावच्या, नांदेडकडं दिलेल्या. त्या म्हणाल्या, "पडझड नको गं माय. आमच्या मायचं जातं दाखव. ढिगाऱ्यातून ते धड निघालं. भाऊ नाही निघाला."

इतक्या वर्षांत मावशी भावाबद्दल आमच्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

पोरीनं जातं घेतलं, अन् लागली प्रत्येक दारात ठेवायला. आम्ही म्हटलं, असं केलंस तर ते भिंतीवरच्या घड्याळासारखं होईल, कुणी बघणार नाही. आता ते तीनदाच येतं. आधी पहाटे, माय दळत गाते. मग भाचीच्या लग्नात, हळद दळताना, हसण्या-खिदळण्यात.

"आणि तिसऱ्यांदा मावशी? तेव्हा कोणतं गाणं लावू?"

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाणं नको. नुसती घरघर ठेव."