चाक का फिरत राहिलं?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचं लेखी रूप)



तर्री-पोहे पोटात गेल्यावर संगणकावरचं भाषण ऐकायला लावणं हा अन्याय आहे, मला मान्य आहे. पण समितीचा हुकूम झाला, "आपली वेबसाइट आधी उघडत नव्हती, आता उघडते. त्यात काय केलंस ते दहा मिनिटांत सांग." तर सांगतो. यात माझ्या दोन चुका आहेत. दोन्ही सांगतो, कारण सर समोर बसले आहेत आणि त्यांना उत्तराआधी पायऱ्या बघायची सवय आहे.

मेळाव्याच्या नोंदणीचं पान मी तयार केलं, वर जुने-नवे चाळीस फोटो टाकले आणि दुवा आपल्या ग्रुपवर सोडला. माझ्या घरच्या फायबरवर पान झटकन उघडत होतं. तिसऱ्या दिवशी गडचिरोलीकडच्या आपल्या मित्राचा फोन आला, "तुझ्या वेबसाइटवर नुसतं चाक फिरून राहिलं बे." मी म्हणालो, "तुझा फोन जुना असेल." ही माझी पहिली चूक. त्याने फोन ठेवला आणि नोंदणीही केली नाही. असे आणखी किती जण असतील, ते मला कळायला मार्गच नव्हता. दार न उघडलेला माणूस घरात येऊन तक्रार करत नाही.

कोणी सुचवलं, मोठा सर्व्हर घेऊ, वर्गणी काढू. मीही तयार होतो. पण त्याआधी मोजून बघितलं. ब्राउझरमध्येच एक सोय असते. पानातली कुठली वस्तू किती वजनाची आणि तिला किती वेळ लागला, हे ती ओळीने दाखवते. मुद्दाम मंद इंटरनेटची नक्कलही करता येते. ती केली आणि माझ्याच घरी, माझ्याच पानावर ते चाक फिरायला लागलं. सर्व्हर बिचारा रिकामा बसला होता. आम्ही वापरतो त्या एन्जिन-एक्स या सर्व्हर-प्रणालीची घडणच एका वेळी हजारो जोडण्या सांभाळण्यासाठी झाली आहे. इगोर सिसोएव या रशियन अभियंत्याने ती 2004 साली सर्वांसाठी खुली केली. आपली अख्खी शाळा एकदम आली तरी ती दमणार नाही. दोष यंत्राच्या ताकदीचा नव्हता. त्याला आम्ही काय पाठवायला सांगितलं होतं आणि कुठून, याचा होता.

आधी 'कुठून' बघू. स्वस्त पडला म्हणून मी सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घेतला होता. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. नागपूरहून तिकडचं अंतर सरळ रेषेत धरलं तरी सुमारे 13,000 किलोमीटर. म्हणजे एका जाण्यायेण्याला निदान 130 मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. हे थोडं वाटेल. पण पानाचं पहिलं अक्षर येण्याआधी अशा तीन फेऱ्या होतात: एक "हॅलो, ऐकू येतंय का?" याची, एक कुलूप-किल्ली ठरवण्याची आणि एक प्रत्यक्ष मागणीची. सुरक्षेची जुनी पद्धत असेल तर चार. सर्व्हर मुंबईत आणला. समृद्धी महामार्गाचं 701 किलोमीटर अंतर धरलं तर प्रकाशाला जाऊन यायला 7 मिलिसेकंद पुरतात. मोठी मंडळीही हेच करतात. मराठी विकिपीडियाची मूळ केंद्रं अमेरिकेत आहेत, पण आशियातल्या वाचकांसाठी 2018 पासून सिंगापूरला पानांच्या प्रती ठेवलेल्या असतात. इतिहासाचं पान तुम्ही वाचता ते बहुधा तिथून येतं.

आता 'काय', आणि इथे आपल्या मराठीचा खास मुद्दा आहे. संगणकात रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. 'नागपूर' रोमन लिपीत 6 बाइटांत बसतं, देवनागरीत 18 लागतात. म्हणजे तोच मजकूर मराठीत लिहिला की पानाचं वजन वाढतं. पण गंमत अशी की त्या तीन बाइटांतला पहिला सगळ्या देवनागरी अक्षरांचा सारखाच असतो आणि दुसरा दोनच प्रकारांचा. हजेरीपटात एकाखाली एक तेच लिहायचं असलं की आपण दोन टिंबं देऊन 'वरीलप्रमाणे' म्हणायचो ना? जीझिप नावाची पद्धत नेमकं तेच करते. आधी आलेला तुकडा पुन्हा आला की तो परत न लिहिता "मागे बघा" अशी खूण ठेवते. म्हणून मराठी पान दाबलं की इतकं आकसतं. एन्जिन-एक्समध्ये ही सोय मुळात बंद असते, आणि चालू केली तरी वेगळं सांगेपर्यंत फक्त पानाचा मूळ मजकूर दाबला जातो. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या आणि हालचाल घडवणाऱ्या फायली तशाच जाड जातात. त्यांचे प्रकार यादीत लिहावे लागतात. दोन ओळींचं काम, मी केलं नव्हतं. फोटो मात्र या यादीत घालायचे नाहीत. ते आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबण्यात सर्व्हरची नुसती मेहनत जाते.

आणि खरं ओझं फोटोंचंच होतं. फोनवर काढलेला फोटो 4000 बाय 3000 बिंदूंचा, साधारण 4 एमबीचा. असे चाळीस म्हणजे 160 एमबी. ज्याला सेकंदाला 2 मेगाबिट मिळतात, त्याला हे उतरवायला 10 मिनिटांहून जास्त लागणार. आपल्या मित्राचा फोन जुना नव्हता, माझं पान लठ्ठ होतं. तोच फोटो 1200 बाय 900 केला की बिंदू अकरा पटींनी कमी होतात आणि फोनच्या पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही. मूळ फोटो वेगळे ठेवले, ज्याला छापायचा असेल त्याने उतरवून घ्यावा. शिवाय जो फोटो पडद्यावर यायचा आहे तोच मागवायचा, खालचे बोट सरकेल तेव्हा. हौसेने लावलेला फॉन्टही काढला. जोडाक्षरं आणि रफार यांमुळे देवनागरी फॉन्ट जड असतो, आणि फोनमध्ये चांगली देवनागरी असतेच.

राहिला रांगेचा प्रश्न. जुन्या पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. शाळेच्या कार्यालयाला सहा खिडक्या आणि बोनाफाईडसाठी चाळीस पोरं, असं चित्र. 2015 मध्ये आलेल्या एचटीटीपी 2 मध्ये एकाच जोडणीवरून अनेक वस्तू एकत्र येतात. सर्व्हरच्या मांडणीत तेही सुरू केलं. चाक थांबलं. गडचिरोलीच्या मित्राला मी फोन केला, आधी माफी मागितली, मग पान उघडायला लावलं. तो म्हणाला, "आता कसं!" आणि फोन चालू असतानाच नोंदणी केली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वेगाची चटक लागली होती, आणि दुसरी चूक झाली.

एकदा आलेली वस्तू ब्राउझर स्वतःजवळ साठवतो, त्याला कॅश म्हणतात. किती दिवस साठवायची हे सर्व्हर सांगतो. मी सांगून टाकलं, सगळं सात दिवस ठेवा. पान दुसऱ्यांदा उघडताना क्षणही लागेना. मी खूश. आणि त्याच आठवड्यात आपल्याला कार्यक्रमाचं सभागृह बदलावं लागलं. मी पान बदललं, पण ज्यांनी ते आधी पाहिलं होतं त्यांच्या फोनमध्ये जुनाच पत्ता झळकत राहिला. ओढून ताजं केलं असतं तर नवं दिसलं असतं, पण पान व्यवस्थित दिसत असताना कोण ओढून बघतो? सर, तुमच्या नातीने सहज फोन करून पत्ता विचारला म्हणून कळलं. नाही तर आज तुम्ही दुसऱ्याच सभागृहाच्या पायऱ्यांवर काठी टेकत उभे राहिला असता.

सर्व्हरला त्या प्रती परत बोलावता येत नाहीत. घरोघर वाटलेली पत्रिका मागे घेता येत नाही, तसंच हे. मग समितीतल्या सहा जणांनी यादी वाटून घेतली आणि रात्री अकरापर्यंत एकेकाला फोन केले.

आता मांडणी अशी आहे. फोटो आणि रंगरूपाच्या फायली वर्षभर साठवा; त्यांच्यात बदल केला की नावातला क्रमांक बदलतो, त्यामुळे जुनी फायल कोणी वापरत नाही. पण ज्या पानावर तारीख, वेळ, पत्ता आहे, ते दर वेळी सर्व्हरला विचारल्याशिवाय दाखवायचं नाही. या सूचनेचं नाव 'नो-कॅश' आहे, आणि नाव फसवं आहे. साठवू नका असा तिचा अर्थ नाही. साठवा, पण दाखवण्याआधी विचारा, असा आहे. काही बदललं नसेल तर सर्व्हर पान पुन्हा पाठवत नाही, "तुमच्याकडचं बरोबर आहे" एवढंच कळवतो. एक छोटी फेरी वाढते. सर्व्हर मुंबईत असल्यावर ती परवडते, आणि माणूस योग्य दारात पोचतो.

आज काढलेले फोटो तुम्ही रात्री मला पाठवालच. पाठवा, सगळे. लहान करून चढवीन. आणि घरी गेल्यावर एक काम करा. पान स्वतःच्या नव्या फोनवर उघडून मला शाबासकी देऊ नका. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, जिथे रेंज कमी मिळते त्या खोलीत जा आणि तिथे उघडा. चाक फिरलं तर मला फोन करा. या वेळी मी तुमच्या फोनला दोष देणार नाही.